शरयूकाकूंच्या टेपवरची देवभाषा

हर्नडन गावात शरयूकाकूंच्या बेसमेंटमध्ये भक्तांच्या गर्दीने पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावरच्या दोन उघड्या चाकांच्या जुन्या पोर्टेबल टेपरेकॉर्डरला झेंडूचा हार घातलेला पाहून अहिल्या दारातच थबकली. काकूंची जाहिरात वाचून ती स्टेट कॉलेज नावाच्या गावाहून हाच रेकॉर्डर विकत घ्यायला आली होती. तिच्या भाषाशास्त्र विभागात बोलींच्या जुन्या टेप होत्या, वाजवायला मशीन नव्हतं.

"विकणं कॅन्सल गं," काकू कुजबुजल्या. "आमचे हे बोलतात त्यातून. देवभाषेत!"

प्रल्हादकाकांना जाऊन वर्ष झालं होतं.

एरवी सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या आणि आता देवभाषेचा अर्थ सांगायला बसलेल्या नादमहाराजांनी पीतांबर सावरत बटण दाबलं. आधी बाईचा चिरका आवाज आला.

"अप्सरा!" महाराज म्हणाले. काकूंचा चेहरा जरा पडला. मग सूंऽऽ करत चढत गेलेला आवाज एकदम तुटला. "शंखनाद!" शेवटी काकांचा घोगरा स्वर: "ओलॅह... ओलॅह..."

"प्रल्हादराव सांगताहेत, शरयूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नको. नादमहाराजांनी मंतरलेलं अंजन डोळ्यांत घाला," महाराज म्हणाले.

"मी ऑपरेशन कॅन्सल केलंय," काकू म्हणाल्या.

अहिल्या पुढे सरकली. शंख असा चढत जाऊन तुटतो कधी?

"महाराज, टेप कशी लावलीत?"

"होती तशी! उजवीकडचं भरलेलं चाक उलटून डावीकडे घातलं."

"मागे न गुंडाळता? काकू, मी लावू?"

"भस्म होशील!" महाराज गरजले.

"लाव गं," काकू म्हणाल्या. "आवाज माझ्या नवऱ्याचा आहे."

अहिल्याने दोन्ही चाकं उलटी करून त्यांच्या जागा बदलल्या आणि बटण दाबलं. काकांचा स्पष्ट आवाज आला.

"हॅलो, हॅलो. शरयू, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?" मागे खणखणीत शिट्टी. मग टेपवरच्या तरुण काकू ओरडल्या, "तीन! गॅस बंद करा!"

जमलेल्यांत हास्याचा स्फोट झाला.

"अगं बाई, म्हणजे अप्सरा मीच की!" काकू हसता हसता रडू लागल्या.

"टेप संपली की ती मागे गुंडाळायची असते," अहिल्या म्हणाली. "नाहीतर या मशीनवर शेवट आधी वाजतो, तोही उलटा."

"देव उलटंही बोलतो!" महाराज म्हणाले.

"मग तीन शिट्ट्यांत माझं ऑपरेशन कुठून आलं हो?" काकूंनी विचारलं. महाराज चपला शोधू लागले.

काकूंनी डोळे पुसले. "अहिल्या, ही टेप माझ्या फोनवर घेऊन दे, मग मशीन तुझं. आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट परत मिळते का बघ."

न कळणाऱ्या गोष्टीचा अर्थ सांगायला कुणी पुढे आलं, तर पाया पडण्याआधी ती घडते कशी, एवढं विचारावं. आणि डोळ्यांचं दुखणं डोळ्यांच्या डॉक्टरलाच दाखवावं.