आवाज आल्याशिवाय

"तू फक्त गाडी चालव, रंगनाथ. बाकीचं आपला मंदूब बघेल," चेतन म्हणाला. "बॉर्डरच्या अलीकडे पेट्रोल पंपापाशी तो उभा असेल. तो हात करेल तिकडं, बाजूच्या गेटनं गाडी घालायची. चहा थंड व्हायच्या आत आपला नंबर लागेल. त्या इंजिनियरला वाटलं पाहिजे की हे आपलं रोजचंच आहे."

दोह्याजवळच्या मेसईदच्या यार्डात लोखंडी सळ्यांनी भरलेला ट्रेलर निघायच्या तयारीत उभा होता. रंगनाथ एकेका टायरवर हातोडी मारून आवाज ऐकत होता. सगळी चाकं तपासून झाल्यावर तो "बरं" म्हणाला. त्याचं 'बरं' म्हणजे होकार नसतो, फक्त ऐकू आलं एवढंच असतं, हे चेतनला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

चेतन ट्रान्सपोर्ट कंपनीचा मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवसांत त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आखातातल्या सहा देशांना जोडणारी अवजड मालाची रेल्वे टाकायची, असं वरच्या लोकांच्या मनात होतं आणि त्याचा अभ्यास दोह्यातल्या एका कन्सल्टंट कंपनीकडे आला होता. त्यांचा इंजिनियर आज ट्रेलरमध्ये बसून, रस्त्यानं माल बॉर्डरपर्यंत कसा जातो ते बघणार होता. रस्ता झकास चाललाय असं त्याला दिसलं, तर रेल्वेचं घोडं तिथंच अडणार होतं.

"आणि रेल्वे आली तर आपण सगळे घरी," चेतन म्हणाला. "सगळ्यात आधी तू. तुझी लेक अंबिका नर्सिंगला आहे ना? विचार कर."

इंजिनियर आला तो टोपी, गॉगल, बसायला उशी आणि बायकोनं, ॲनानं, बांधून दिलेली सँडविचेस घेऊन. गॅव्हिन त्याचं नाव. वसईचा, राहायला दोह्यातल्या अल अझीझियात. ट्रेलरच्या केबिनमध्ये चढताना त्याची उशी खाली पडली. रंगनाथनं ती उचलून झटकून दिली आणि मराठीत म्हणाला, "दांडीला धरा साहेब, मग पाय टाका." गॅव्हिन खूश झाला. घरी त्याची मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची, त्यामुळे मराठी कानावर पडली की त्याला हल्ली माहेरी गेल्यासारखं व्हायचं.

सलवा रोडला लागल्यावर तो मोकळा बोलायला लागला.

"रूळ टाकणं सोपं आहे हो, रंगनाथभाऊ. वाळू रुळांवर येते, त्यालाही सोल्यूशन आहे. पण देश सहा! सिग्नल कुठल्या पद्धतीचे? बॉर्डरवर इंजिन बदलायचं की तेच पुढे न्यायचं? ड्रायव्हर कोणाचा? डबे कुठे उघडून तपासायचे? एकाची सुट्टी गुरुवार-शुक्रवार, दुसऱ्याची शुक्रवार-शनिवार. नुसती मीटिंग ठरवायची म्हटली तरी आमचं डोकं उठतं."

रंगनाथ हसला. "आमचं बी तेच हाय की. गुरवारी तिकडचे साहेब न्हाईत, शनवारी इकडचे न्हाईत. आमी मात्र सगळ्या वारी हजर."

पेट्रोल पंप दिसायला लागला. ठरल्याप्रमाणे मंदूब रस्त्याच्या कडेला उभा होता. कंपनीची कागदपत्रं सरकारी खिडकीतून पुढं सरकवणारा, दहा ठिकाणी ओळखी असलेला माणूस. त्यानं हात केला. समोर उजव्या बाजूला छोटं गेट होतं, आणि डावीकडे ट्रेलरांची रांग उन्हात लांबच लांब पसरलेली.

रंगनाथनं गाडी हळू केली. अंबिकाची फी डोळ्यांपुढे आली, बॉर्डरच्या ट्रिपचा जादा भत्ता आला, आणि बायकोचा, मुक्ताबाईचा, फोनवरचा आवाज आला. मग त्यानं स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि ट्रेलर रांगेच्या शेपटाला नेऊन लावला.

"यल्ला! हिना, हिना!" करत, छोट्या गेटाकडे बोट दाखवत मंदूब पाठोपाठ पळत आला. रंगनाथनं काच खाली करून त्याला सलाम केला, "शुक्रन" म्हटलं आणि काच वर केली. दोन मिनिटांत फोन वाजला.

"वेडा झालास का?" चेतनचा आवाज गॅव्हिनलाही ऐकू आला. "कुठे आहेस तू?"

"रांगेत हाय साहेब. रोज असतोय तिथंच."

फोन ठेवून त्यानं ट्रेलरच्या बाजूची लाकडी पेटी उघडली. तीत स्टोव्ह, पीठ, मसाला, सगळा संसार होता. गाडीच्या सावलीत बसून त्यानं पिठलं टाकलं. पुढच्या गाडीचा नेपाळी, मागच्या गाडीचा मल्याळी, सगळे आपापली रोटी घेऊन आले. सँडविचेस बघून कोणी नाक मुरडलं नाही, पण खाल्लीही नाहीत. गॅव्हिननं पिठलं मात्र दोनदा घेतलं.

जेवणानंतर नेपाळी ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये जाऊन सीटमागच्या बाकावर पडदा ओढून झोपला. थोड्या वेळानं रांग हलली. रंगनाथ खाली उतरला, पुढच्या गाडीचं दार वाजवलं आणि ओरडला, "आवाज दो!" आतून झोपाळलेलं "हां भाई" आलं. मग रंगनाथ त्या गाडीत चढला, ती पुढं सरकवली, परत आला आणि आपली सरकवली. रांग पुन्हा हलली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गॅव्हिनला राहवलं नाही.

"गाडी तुम्हीच हलवताय, तर त्या बिचाऱ्याला उठवता कशाला? झोपू द्या ना."

"आदी तसंच करायचो," रंगनाथ म्हणाला. "झोपलेल्याला उठवायचं न्हाई, मागच्यानं त्याची गाडी गुमान सरकवायची. जुनी रीत व्हती रांगेची."

त्यानं पुढच्या गाडीकडे बघितलं.

"जहूर म्हनून व्हता येक. पेशावरकडचा. आमी बरुबर जेवायचो. मागल्या उन्हाळ्यात त्याची गाडी माज्या म्होरं व्हती. एसी बिघडल्याला. पडदा ओडून पडला व्हता. रांग हलली की मी जायचो, त्याची गाडी सरकवायचो. हळू सरकवायचो साहेब, झटका बसू दिला न्हाई. म्हनलं, दमलाय, निजू दे. दिवसभर तसंच. खिडकीपाशी आलो, त्यांनी पासपोर्ट मागितला, तवा पडदा सारला."

गॅव्हिननं गॉगल काढला.

"दुपारीच कदी तरी गेला आसंल. मी त्याला तसाच फुडं फुडं नेत व्हतो." रंगनाथचा आवाज भरून आला आणि त्यानं तो तसाच राहू दिला. "त्या दिवशी खिडकीम्होरंच आमी ठरवलं. आवाज आल्याबिगर कुनाची गाडी हलवायची न्हाई. पठान, नेपाळी, मल्याळी, समदे पाळत्यात. कुटं लिवल्यालं न्हाई, तरी पाळत्यात."

हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती. आणि का होऊ नये? सहा सरकारांचं एका नियमावर एकमत होताना इंजिनियर लोक म्हातारे होत होते. रांगेचं एकमत एका संध्याकाळी झालं होतं.

"मंदूबच्या गेटनं तुमाला नेलं असतं, तर तुमी काय लिवलं असतं? समदं ठीक चाललंय. मग जहूर कशानं मेला, साहेब?"

"पण रेल्वे आली तर तुमचं काम जाईल, भाऊ."

"जाईल की. दुसरं बगू. रांगंतली मानसं लई चांगली हायेत, पर रांग चांगली न्हाई."

गॅव्हिननं सँडविचचा डबा बंद केला आणि उशीला टेकला. उन्हानं त्याचा डोळा लागला. पुढच्या वेळी रांग हलली तेव्हा कोणीतरी त्याचा गुडघा हलवत होतं. "साहेब, आवाज द्या." तो चिडून "अरे, आहे!" म्हणाला, आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी कंपनीची कार त्याला परत न्यायला आली तेव्हा ट्रेलर अजून पहिल्या खिडकीपर्यंतही पोचला नव्हता. पलीकडे दुसऱ्या देशाच्या खिडक्या होत्याच.

चेतननं रंगनाथला नोकरीवरून काढलं नाही, पण बॉर्डरची ट्रिप काढून घेतली आणि मेसईदमधल्या कॉलनीच्या झाडांना पाणी घालायच्या टँकरवर बसवलं. भत्ता गेला. अंबिकानं खाजगी कॉलेज सोडून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातलं नर्सिंग धरलं. मुक्ताबाईनं फोनवर सगळं ऐकून घेतलं, जहूरचंही ऐकलं. मग म्हणाली, "चांगलं केलंत." रंगनाथ ते वाक्य टँकर चालवताना पुष्कळ दिवस मनात घोळवत होता. बॉर्डरकडे निघालेले जुने सोबती त्याला बघून ट्रेलर हळू करत आणि काचेतून हात उंच करत. नव्या ड्रायव्हरांना ते सांगत की रांगेची रीत ह्या माणसानं घातली.

काही वर्षांनी, एका थंडीत, गॅव्हिन मेसईदला आला. सहा देशांनी त्या रेल्वेला एकदाचं 'हो' म्हटलं होतं. रूळ अजून कुठेच नव्हते, सिग्नलवर वाद चालूच होता. पण त्याच्या अहवालातलं एक कलम सगळ्यांनी जसंच्या तसं ठेवलं होतं: सीलबंद मालगाडी सीमेवर उघडायची नाही, थांबवायची नाही. हे रंगनाथला फोनवर नाही, भेटूनच सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

टँकर कॉलनीच्या भिंतीलगत सावलीत उभा होता. काचेतून रंगनाथ दिसत होता, मान मागं टाकलेली, तोंडावर पंचा. हात मांडीवर निपचित. गॅव्हिन धावत गेला. त्यानं दारावर थाप मारली.

"रंगनाथभाऊ, आवाज द्या."

काहीच नाही. त्यानं पुन्हा जोरात थाप मारली.

"आवाज द्या, भाऊ!"

पंचा हलला. आतून खाकरल्याचा आवाज आला.

"हाय साहेब, हाय," रंगनाथ म्हणाला. "हलवा गाडी."