विषय शिकवणाऱ्याचं नाव

"चौथ्या रकान्यात काय लिहायचं ते आधी सांग," मी म्हणालो. "अध्ययन निष्पत्ती म्हणजे काय? विषय शिकवला, परीक्षा झाली, तू पास झालीस. आता आणखी कसली निष्पत्ती पाहिजे यांना?"

"मलाही नीट कळलं नाही, सर. सूचनांच्या पाचव्या पानावर आहे म्हणे."

फॉर्म दीड पानाचा आणि सूचना सात पानांच्या. त्या मी तीनदा वाचल्या आणि दर वेळी मला काहीतरी निराळंच कळलं. एका ठिकाणी लिहिलं होतं की फॉर्म कॉलेजने भरावा. दुसऱ्या ठिकाणी होतं की कॉलेज बंद पडलं असल्यास विषय शिकवणाऱ्याने भरावा. तिसरीकडे ठळक अक्षरांत बजावलं होतं, उमेदवाराने फॉर्मला हात लावू नये. आता फॉर्म तीच पिशवीत घालून घेऊन आली होती. हात न लावता काय चिमट्याने धरून आणायचा? माझं डोकं सकाळपासून गरगरायला लागलं होतं, आणि त्याला रक्तदाब कारण नव्हता.

ती माझी जुनी विद्यार्थिनी. संध्याकाळच्या कॉलेजात मी तेवीस वर्षं व्यवसाय व्यवस्थापन शिकवलं; ते कॉलेज आता बंद पडलंय. वर्गात सगळी दिवसभर राबून येणारी माणसं. कोणी गोदामात, कोणी टेलिफोनवर, कोणी कपड्यांच्या कारखान्यात. ही तेव्हा बाविशीची होती, पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत पावत्या टाईप करायची. आज सेहेचाळीसची आहे आणि त्याच कंपनीचं माल रवाना करण्याचं सगळं खातं तिच्या हाताखाली आहे. कंपनीने परदेशात शाखा उघडली, तिला प्रमुख म्हणून बोलावलं. पण तिथलं सरकार म्हणालं, तुमची डिग्री आमच्या डिग्रीच्या तोडीची आहे हे आधी सिद्ध करा.

चार महिने बाई तेच सिद्ध करत होती. आधी डिग्रीवर शिक्का बसेना, कारण नवऱ्याने लग्नानंतर कौतुकाने ती लॅमिनेट करून आणली होती आणि प्लॅस्टिकवर शिक्का मारत नाहीत. मग नवी प्रत, तिच्यासाठी प्रतिज्ञापत्र, प्रतिज्ञापत्रावर पुन्हा शिक्का. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पहिलीकडे. अखेर चोवीसपैकी तेवीस विषय परदेशातल्या लोकांनी मान्य केले. उरला एक, विपणन व्यवस्थापन. विद्यापीठातल्या अभ्यासक्रमाच्या जुन्या पुस्तकातलं नेमकं तेवढंच पान कोणीतरी फाडून नेलं होतं. त्या पानाचं त्या माणसाने काय केलं असेल, देव जाणे.

"शुक्रवारपर्यंत गेलं पाहिजे, सर," ती म्हणाली. "एक विषय जरी कमी पडला तरी ते डिग्री अपुरी धरतात."

"आणि धरली तर?"

"तर माझ्या जागी दुसऱ्याला पाठवणार. माझ्याच हाताखाली शिकलाय तो." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "वाईट नाहीये तो. पण मला या वयात पुन्हा कोण विचारणार?"

"अगं, मग रडतेस कशाला? मी डायरीवाला माणूस आहे. कुठल्या तारखेला काय शिकवलं, किती वेळ शिकवलं, सगळं लिहून ठेवलंय. सूनबाई, ती पलंगाखालची ट्रंक ओढ जरा."

"मी रडत नाहीये," ती म्हणाली. "आणि डायरी कशाला, सर? आठवेल तसं लिहा. मी सांगते ना."

"तू कशी सांगशील? तू शिकलीस, मी शिकवलं. तुला निम्मं आठवणार."

तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, घाईत असेल.

सूनबाईने ट्रंक ओढली, शिंकली आणि विचारलं, "बाबा, कुठल्या वर्षाची?"

इथे माझा पहिला घोटाळा झाला. शैक्षणिक वर्ष म्हणजे दोन वर्षांवर दोन पाय ठेवून उभं असलेलं प्रकरण. गुणपत्रिकेवर एक वर्ष, फॉर्मवर त्याच्या आधीचं, आणि माझ्या डोक्यात आणखी तिसरंच. मी ठासून सांगितलं, सूनबाईने डायरी दिली, त्यात हिच्या वर्गापुढे हा विषयच नाही. मग सूनबाईने गुणपत्रिका हातात घेतली, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एक वर्ष चुकताय. ही पुढची घ्या." मग ऑफिसला उशीर झाला म्हणून चहाचे कप आमच्यासमोर ठेवून ती निघून गेली.

पुढची डायरी उघडली. पहिलं सत्र भरगच्च. माझं अक्षर तेव्हा किती नीट होतं. दुसरं सत्र उघडलं तर पान कोरं. पुढचं कोरं, त्याच्या पुढचंही. मी बोटाला थुंकी लावून पानं उलटत राहिलो, जणू मी शिकवलेलं कुठेतरी दोन पानांच्या मधे चिकटून बसलं होतं. मग एका पानावर मधोमध तीन शब्द दिसले. खाट क्रमांक अकरा.

ते हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, दुखण्याचं वर्ष होतं.

तुम्ही म्हणाल, बायको गेली ते वर्ष माणूस विसरतो का? नाही विसरत. ती तारीख मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. पण त्या वर्षी वर्गात कोण होतं, हे मी कधी त्या तारखेला जोडलंच नव्हतं. तेवीस वर्षांत तेवीस वर्ग झाले, चेहरे एकमेकांत मिसळले. या विद्यार्थिनीला तर मी आदल्या वर्षी दुसऱ्या विषयाला शिकवलंच होतं. त्यामुळे ती पहिल्या बाकावर बसलेली आणि मी फळ्यापाशी उभा, हे चित्र डोक्यात पक्कं होतं. ते चित्र खोटं नव्हतं, पण वर्ष भलतंच होतं.

"मी चार महिने आलोच नव्हतो," मी म्हणालो.

"हो, सर."

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग माझ्याकडे कशाला आलीस? माझ्या जागी जो बदली शिक्षक आला असेल त्याला शोधायला हवं. काय नाव त्याचं? मला प्राचार्य म्हणाले होते, तुम्ही बायकोला सांभाळा, वर्गाची काळजी करू नका. म्हणजे कोणीतरी नेमला असणारच."

ती चहाच्या कपाकडे बघत होती. "कोणी नेमला नव्हता."

"मग शिकवलं कोणी?"

खिडकीबाहेर खालच्या दुकानदाराने फळी टाकली, तिचा आवाज झाला. त्यानंतर ती म्हणाली, "मी."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं ती म्हणतेय, मी घरी अभ्यास केला. मी तसं म्हणालोही. तिने मान हलवली आणि मग सांगितलं, सावकाश, एखाद्या नवीन कारकुनाला काम समजावून द्यावं तसं. मी तेव्हा कायम नव्हतो, दर वर्षी नेमणुकीचं पत्र मिळायचं. तीन आठवडे तास झाला नाही तर विषय दुसऱ्याला देत आणि त्या दुसऱ्यालाच पुढचं पत्र मिळे. हे कॉलेजच्या शिपायाने पोरांना सांगितलं. एकोणीस जण होते वर्गात. त्यांनी ठरवलं, तास होणार. माझ्या आदल्या वर्षीच्या टिपणांच्या वह्या हिच्याकडे होत्या, म्हणून हिला उभं केलं.

"आणि प्राचार्य?"

"व्हरांड्यातून जायचे रोज. पण आमच्या दारासमोर आले की घड्याळात बघत जायचे."

मला आता भलतंच आठवायला लागलं. त्या वर्षी माझ्या विषयात एकोणीसच्या एकोणीस पास झाले होते. सभेत प्राचार्यांनी माझा हात हातात घेतला होता आणि म्हणाले होते, अशा प्रसंगातही तुमचा निकाल शंभर टक्के. आणि मी मान झुकवली होती. मनात म्हटलं होतं, आपण सुरुवातीलाच पाया पक्का घातला त्याचं हे फळ. काय हा शहाणपणा माझा. लाजेने कानशिलं तापली, चोवीस वर्षं उशिरा.

"हे बघ," मी म्हणालो, "मी खोटं लिहिणार नाही. फॉर्मवर विषय शिकवणाऱ्याचं नाव विचारलंय. मी तुझं लिहितो."

"माझं लिहिलंत तर विद्यार्थिनी कोण, सर?"

"तूच."

"दोन्ही मीच?" ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. "ते लोक आपल्या दोघांनाही वेड्यात काढतील. डिग्री जाईल ती जाईलच."

खरं लिहिलं तर जिने शिकवलं तिचीच डिग्री जाणार. खोटं लिहिलं तर तिच्या कष्टांवर मी दुसऱ्यांदा माझं नाव लावणार, आणि या वेळी जाणूनबुजून. हा कसला फॉर्म, ज्यात प्रामाणिक माणसाला जागाच नाही? मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. फॉर्म तसाच होता.

"सर, मला काही मानबिन नकोय," ती म्हणाली. "मला जायचंय. वीस वर्षं मी दुसऱ्यांचा माल बाहेर पाठवतेय. एकदा मला स्वतःला जायचंय."

मी पेन उचललं. "सांग मग. काय काय शिकवलंस? मला तर लिहायला काहीच माहीत नाही."

आणि ती सांगत गेली. पहिला आठवडा, गिऱ्हाईक म्हणजे कोण. दुसरा, गरज आणि हौस यांतला फरक. तिसऱ्या आठवड्यात एका गोदामवाल्याने इतके प्रश्न विचारले की तो भाग पुन्हा घेतला. कुठेही अडखळली नाही. मी लिहीत होतो, आणि मधेच म्हणालो, "थांब जरा, परत सांग. इतक्या भरभर नाही येत मला." किंमत ठरवण्याचा भाग ती सांगत होती तो मी तेवीस वर्षांत एकदाही इतका सोपा करून सांगितला नव्हता. चौथा रकाना, ती अध्ययन निष्पत्ती, ती तिनेच एका वाक्यात उरकली. "लिहा, माल विकला नाही तर गिऱ्हाइकाला दोष न देता स्वतःकडे बघता येणे."

"हे माझ्या वहीत नव्हतं," मी म्हणालो.

"नाही. ते माझं होतं."

शेवटचे दोन रकाने उरले. प्रत्यक्ष अध्यापनाचे एकूण तास, आणि नाव-सही.

"साठ," ती म्हणाली. "आठवड्याला चार, पंधरा आठवडे. एकही बुडाला नाही."

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "तेव्हा नाही तर नंतर. एकाने तरी."

"नंतर राहून गेलं. आणि तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही परत आला असतात."

खरं होतं ते. मी आलो असतो. नेमणुकीच्या पत्रासाठी धावत आलो असतो, बायकोला म्हणालो असतो, तासाभरात येतो. त्याऐवजी त्या सगळ्या संध्याकाळी मी दवाखान्यात तिच्या खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर होतो. तिला बोलताना धाप लागायची, म्हणून आम्ही फारसं बोलत नसू. मी तिची वेणी घालायला शिकलो तिथे. वेडीवाकडी व्हायची, ती आरशात बघून म्हणायची, असू द्या. कधी विचारायची, "अहो, आज तास नाही का?" मी म्हणायचो, रजा आहे. तिला बरं वाटायचं. मला वाटायचं, कॉलेज भलं आहे.

मी साठ लिहिलं. अंकातही आणि अक्षरातही, सूचनांत तसं म्हटलं होतं. खाली माझं नाव लिहिलं. सही केली. तिने सही उजेडात धरून पाहिली, गुणपत्रिकेवरच्या माझ्या जुन्या सहीशी ताडली आणि म्हणाली, "चालेल."

पाकीट मीच चिकटवलं आणि चिकटवलेल्या जागेवर पुन्हा सही केली. तिने ते पिशवीत नीट उभं ठेवलं. घड्याळ बघितलं, पोस्ट ऑफिस उघडं होतं.

ती दाराशी चपला घालायला वाकली आणि मी खुर्चीवरून उठलो.

"अहो, बसा ना, सर. मी जाईन."

"जा तू," मी म्हणालो.

ती जिना उतरली. खालच्या दाराचा आवाज आला, मग खिडकीतून ती रस्ता ओलांडताना दिसली, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. कोपऱ्यावरून ती वळेपर्यंत मी उभाच राहिलो.