विश्वाचं वय आणि शालनबाईंचे दोन मुलगे

एकावन्न सालची गोष्ट. दापोडीच्या आमच्या वाचनालयात बाईमाणसाचं व्याख्यान ठेवायला कमिटी राजी नव्हती. मी सेक्रेटरी, आणि बाईमाणूस म्हणजे माझीच बायको, इंदू. शाळेत गणित शिकवायची. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "होऊ दे एकदा, उद्धवराव. पण फजिती झाली तर पुन्हा नाव काढायचं नाही." फजितीची धास्ती तिच्यापेक्षा मलाच जास्त.

रविवारी सकाळी वर्कशॉपचे फिटर, टर्नर, त्यांच्या घरच्या बायका, सगळे जमले. इंदू छान बोलत होती. दूरदूरची तारकाविश्वं एकमेकांपासून लांब चाललीत. त्यांचा वेग मोजून उलटा हिशेब केला की विश्वाचं वय निघतं, दोनशे कोटी वर्षं. एवढ्यावर थांबायचं ना! पण नाही. "दगडांवरून मोजली तर आपली पृथ्वीच तीनशे कोटींच्या वर भरते," ती म्हणाली.

सगळे खो खो हसले. "म्हणजे आईपेक्षा लेक मोठी!" अध्यक्ष ओरडले. "बाई, चुकलं कोण?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही." इंदू म्हणाली.

व्याख्यान आटोपावं म्हणून मी ताडकन उठलो आणि आभार मानायला लागलो.

"ओ शेक्रेटरी, खाली बसा!" फुगेवाडीच्या शालनबाई गरजल्या. त्यांचे दोन्ही मुलगे वर्कशॉपात. "माज्या घरात हायच की ह्ये. ज्योतीराम थोरला, भिमाजी धाकला. पन शाळंच्या कागदावर भिमाजी थोरला!"

"ते कसं?" इंदूने विचारलं.

"दोघास्नी एकाच दिशी शाळंत नेलं. मास्तर म्हनला, डोक्यावरनं हात घ्या, पल्याडचा कान धरा. धरला तर पोर सहाचं. भिमाजीचा हात लांब, त्यानं धरला. थोरल्याला घावंना, त्याला पाचाचा लिवला. आता मी पोरं उलटी जन्माला घातली व्हय?"

इंदू खळखळून हसली. "मापच चुकलं! इथंही तसंच असणार. ताऱ्यांची अंतरं मोजायचं माप चुकलं असेल, नाहीतर दगडांचं. कुठलं, ते शोधताहेत."

"मापायची दोन गेज जुळंनात तर तिसऱ्यानं तपासायचं, बाई," रंगराव टर्नर म्हणाला. "तिसरं काय हाय?"

मग तासभर प्रश्न. त्यातले तीन अध्यक्षांचे.

घरी जाताना मी नुसता फुललो होतो. "जिंकलीस!" म्हणालो.

ती थांबली. "शालनबाई नसत्या तर तुम्ही मला तशीच घरी आणली असतीत. माहीत नाही, एवढंच तर म्हटलं होतं मी. त्यात सावरायचं काय होतं?"

मी खूप विचार केला. "माहीत नाही गं," म्हणालो.

तेव्हा कुठे ती हसली.