कप वाजला पाहिजे

"हाही गेला," हे म्हणाले आणि कप माझ्या पुढ्यात ठेवला. "तडा गेलाय. कुठे आपटलास?"

"मी? मी कशाला आपटू? हात लावताना श्वास रोखून धरते मी!"

"मग वाजत का नाही?"

त्यांनी तो पुन्हा उचलला, तीन बोटांच्या टोकांवर तोलला आणि दुसऱ्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारली. मला तर आवाज चांगला आला. पण चांगला आणि खरा चांगला यात फरक असतो, असं हे लग्न झाल्यापासून मला सांगत आले होते. म्हणून मी गप्प बसले. गप्प म्हणजे काय, आधी मनसोक्त भांडले आणि मग गप्प बसले. मी काही गरीब गाय नाही.

हे कप म्हणजे चहाचेच, पण ज्यांनी त्यातून चहा घेतला ते लोक दोनशे वर्षांपूर्वीच वर गेले. युरोपातल्या जुन्या कारखान्यांतले, पातळ पांढऱ्या पोर्सेलीनचे, म्हणजे उंची चिनी मातीचे. काठाला सोन्याची बारीक रेघ, अंगावर पानांचा हार, नाहीतर लंबगोलात एखाद्या बाईचा राखाडी रंगातला एका बाजूचा चेहरा. आमचे हे पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर होते, नोकरीला लागले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत. दिवसभर डबे ठोकणाऱ्या माणसाने हौस करावी, तीही सरळ उभ्या भिंतींच्या, डब्यासारख्या कपांची! मी तसं म्हटलं की उसळायचे.

"अगं, डबा काय म्हणतेस! त्याच्या आधी सगळं वळणावळणाचं होतं, नुसत्या झालरी आणि फुलं. मग जमिनीखाली गाडली गेलेली जुनी शहरं सापडली. तिथले खांब, कलश बघून लोकांना कळलं, साधं किती देखणं असतं ते. तेव्हाचे हे कप."

"बरं बाबा, साधं. मीही साधीच आहे, पण मला नाही कधी काचेच्या कपाटात ठेवलंत."

आमच्या मिळकतीत धड वस्तू परवडायची नाही. म्हणून बशी हरवलेला कप, झाकण गेलेलं भांडं, सोनं झिजलेली ताटली असं काय काय घरी यायचं. आणायचे मामाच्या दुकानातून. मामा म्हणजे कुणाचाच मामा नव्हे, जुन्या वस्तू विकणारा, सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. ह्यांचा नियम एकच. सोनं गेलेलं चालेल, बशी नसली तरी चालेल, पण कप वाजला पाहिजे. केसाएवढा तडा डोळ्याला दिसत नाही, पण तो असला की आवाज बसतो. धड कप घंटीसारखा वाजतो.

कपाटात सगळ्यात वर, मधोमध, दोन कानांचा मोठा कलश होता. त्याचं नाव मी जावईबापू ठेवलं होतं. सगळ्यात चांगली जागा त्याची, काम शून्य, आणि पुसायचं मात्र मऊ फडक्याने. लेकीचं लग्न झाल्यावर खऱ्या जावयासमोर हे नाव घ्यायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती.

रविवारी सकाळी कपाट उघडायचं. टबाच्या तळाशी टॉवेल अंथरायचा, कोमट पाणी घ्यायचं, एका वेळी एकच कप. मी धुवायची, पुसून ह्यांच्या हातात द्यायची. हे स्टुलावर बसून टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "वाजला." मग तो कपाटात, आणि पुढचा. "वाजला." "वाजला." आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांशी ओरडूनच बोलायचो, कारखान्याची सवय ह्यांना आणि ह्यांची सवय मला. रविवारी मात्र घरात कुणी आवाज चढवायचं नाही. मला त्या कपांतलं काही कळत नव्हतं, पण तो रविवार माझा होता.

"काय ऐकता हो एवढं?" मी एकदा विचारलं.

"प्रेस बंद झाला तरी डोक्यात पत्रा वाजत राहतो," हे म्हणाले. "ह्याचा आवाज आला की तो थांबतो."

आणि निवृत्त झाल्यावर, आता कुठे जिवाला स्वस्थता मिळाली म्हणेपर्यंत, कप जायला लागले. आधी सगळ्यात छोटे, बाळाच्या मुठीएवढे. मग मधले. टिचकी मारायचे, मान हलवायचे, कप कागदात गुंडाळायचे आणि पलंगाखालच्या खोक्यात ठेवायचे. मला वाटलं, असेल बाई, ह्यांच्या कानाला कळत असेल. मी धुताना बोटातली अंगठी काढून ठेवायला लागले. नळाच्या तोंडाला फडकं बांधलं. तरी कप जातच राहिले, आणि दर वेळी आमचं जुंपायचं.

मग तो किटलीचा दिवस आला. चहाचं पाणी ठेवून मी गच्चीत कपडे वाळत घालायला गेले होते. गच्चीपर्यंत किटलीची शिट्टी ऐकू यायला लागली. धावत खाली आले, तर हे शेगडीच्या शेजारी खुर्चीत बसून पेपर वाचतायत. किटली नुसती किंचाळत होती. ह्यांनी शांतपणे पान उलटलं.

"अहो, किटली!"

"काय झालं किटलीला?" हे म्हणाले.

मी शेगडी बंद केली. तशीच आतल्या खोलीत गेले, पलंगाखालचं खोकं ओढलं, वरचाच एक कप कागदातून काढला, बोटांवर तोलला आणि टिचकी मारली. घंटीसारखा स्वच्छ वाजला. दुसरा काढला. तोही वाजला. मग सगळेच वाजवून बघितले. एकाही कपाला काही झालेलं नव्हतं.

कारखान्यात हे कानात कापसाचे बोळे घालत नसत. यंत्राचा आवाज बदलला की हात मागे घ्यायचा असतो, बोळे घातले तर बोटं जातील, असं म्हणायचे. दहाच्या दहा बोटं शाबूत घेऊन हा माणूस निवृत्त झाला, आणि कान तिथे प्रेसवर ठेवून आला. आमचं ओरडून बोललेलं पोचायचं, बारीक उंच आवाज मात्र गेले होते.

"कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?" मी त्या रात्री जेवताना विचारलं, सहज विचारल्यासारखं.

"मला काय धाड भरलीय? तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस हल्ली."

आता सांगायचं कसं? कप फुटले तर दुसरे मिळतील, निदान मिळतील अशी आशा तरी धरता येते. कान गेले म्हणून सांगितलं की सगळंच गेलं. मग डोक्यातला तो पत्रा थांबवणार कोण?

पुढच्या रविवारी ह्यांनी बाईच्या चेहऱ्याचा कप समोर ठेवला. तो ह्यांचा फार लाडका. "हाही गेला. कुठे आपटलास?"

"नळाला लागला," मी म्हटलं. "चुकलं माझं."

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ह्यांनी कप कागदात गुंडाळला. मग हळू आवाजात म्हणाले, "राहू दे. यापुढे मी धुतो." आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

लेक त्या दिवशी घरी आली होती. तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, तू आणि ऐकून घेतेस? बरी आहेस ना?"

"वय झालं. हात थरथरतो हल्ली."

"कसला थरथरतो? आत्ता माझ्यासमोर सुईत दोरा ओवलास."

"तू तुझ्या घरचं बघ," मी म्हटलं आणि तिला कांदे चिरायला बसवलं. कांद्यांमुळे मलाही सोय झाली.

त्यानंतरचे रविवार मी दाराबाहेर काढले. हे आत दार लावून घ्यायचे. पाण्याचा आवाज यायचा, मग टिचकी. आतून कप वाजायचा, लख्ख वाजायचा. मी मनात म्हणायची, वाजला हो, वाजला. थोडा वेळ काही नाही. मग कागदाचा आवाज. मी आयुष्यात पुष्कळ भांडणं जिंकली, पण त्या कागदाच्या आवाजापुढे माझं काही चालत नव्हतं. मी बाहेर बसून रडायची. निदान ते ह्यांना ऐकू जाण्याची भीती नव्हती.

शेवटी एका रविवारी कागदाचा आवाज बराच वेळ चालला. हे बाहेर आले. चेहरा पार उतरला होता.

"तुझे जावईबापूही गेले," म्हणाले. "एकही धड राहिला नाही. उद्या सगळं मामाला देऊन टाकू. फुटकी भांडी डोळ्यांसमोर नकोत."

माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी उठले आणि खोकी बांधायला सुतळी शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोकी घेऊन मामाच्या दुकानात गेलो. दुकानात नेहमीसारखी दाटी, घड्याळं, आरसे, तीन पायांची टेबलं, आणि मोडक्या आरामखुर्चीत मामाची बोकडाएवढी मांजर झोपलेली. ह्यांनी पहिला कप काढून मामाच्या हातात दिला.

"तडा गेलेला माल आहे, मामा. सगळाच. जे देशील ते दे."

मामाने टिचकी मारली. कप वाजला. मामाच्या भुवया वर गेल्या. "साहेब, सकाळी सकाळी चेष्टा करताय का गरिबाची?"

मी ह्यांच्या पाठीमागे उभी होते. मामाला खूण केली, आधी माझ्या कानाला हात लावला, मग ओठांवर बोट. मामा तसा चलाख. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि आवाज चढवून म्हणाला, "हो हो. बसलाय खरा आवाज."

"पुन्हा वाजव," हे म्हणाले.

मामाने पुन्हा वाजवला. पण हे कपाकडे बघत नव्हते. हे बघत होते आरामखुर्चीकडे. मांजरीने डोळे उघडले होते आणि तिचे दोन्ही कान कपाकडे वळले होते.

ह्यांनी कप मामाच्या हातातून घेतला. स्वतः तोलला, टिचकी मारली. मांजरीचे कान हलले. दुसरा कप काढला. कान हलले. बाईच्या चेहऱ्याचा कप काढला, त्याच्यावर तर मांजर उठून बसली. मामा आरशांवरची धूळ झटकायला लागला. मला कुठे बघावं ते कळेना. ह्यांनी जावईबापूंनाही बाहेर काढलं, टेबलावर ठेवून टिचकी दिली आणि मांजरीकडे बघत उभे राहिले. मग सगळं एकेक करून कागदात परत गुंडाळलं, माझी मदत न घेता.

"चल घरी," म्हणाले.

बसमध्ये खोकी मांडीवर घेऊन आम्ही शेजारी शेजारी बसलो. बरंच अंतर गेल्यावर ह्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "किटलीच्या दिवसापासून."

"आणि नळाला लागला म्हणालीस."

"म्हटलं."

"एवढी बोलणी खाल्लीस माझी."

"तुमच्या बोलण्याला कोण घाबरतंय?" मी म्हटलं. हसवायला म्हटलं, पण हे हसले नाहीत. ह्यांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या हातात दिली आणि माझी मूठ आपल्या हाताने बंद केली. आमच्या पिढीत बसमध्ये असं कुणी हात धरत नाही. ह्यांनी आमच्या थांब्यापर्यंत धरला.

डॉक्टरांकडे जाऊन झालं. कानात घालायचं यंत्र आलं. लेकीने हौसेने आणलं. ह्यांनी ते घालून पहिल्यांदा काय केलं असेल, तर कप वाजवला. पुन्हा एकदा वाजवला. मग यंत्र काढून खणात ठेवून दिलं.

"काय झालं हो?"

"ह्याच्यातून पत्रा वाजतो," हे म्हणाले.

रविवारी मी टबात टॉवेल अंथरला. हे स्टुलावर येऊन बसले. मी कप धुतला, पुसला आणि त्यांच्या हातात देणार, तर त्यांनी मान हलवली. "तूच वाजव." मी बोटांवर तोलला, टिचकी मारली. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, लहान मूल बघतं तसे. मग मला कळलं, आता सांगायचं काम माझं.

"वाजला," मी मोठ्याने म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, कप घेतला, कपाटात ठेवला. पुढे असंच चाललं. कधी विचारायचे, "कसा वाजला?" मला ह्यातलं काय कळतंय? पण सांगायची. हा खणखणीत, हा जरा लाजरा, आणि जावईबापू नेहमीसारखे, पोटात जेवण गेल्यावर बोलल्यासारखे. हे खो खो हसायचे. डोक्यातला पत्रा थांबतो का, ते मी कधी विचारलं नाही. हसताना तरी थांबत असावा.

आता हे नाहीत. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. लेक म्हणते, मामा चांगल्या घरी देईल सगळं, तुझ्याने आता होणार नाही. मी म्हणते, बघू.

गेल्या रविवारी ती न सांगता आली. दाराची घंटा वाजवून थकली म्हणे, शेवटी तिच्याजवळच्या किल्लीने दार उघडून आत आली. मी टबाशी बसले होते. कप पुसला, तोलला, टिचकी मारली, आणि समोरच्या स्टुलाकडे बघून सांगितलं, "वाजला!"

"आई, किती ओरडतेस? रस्त्यापर्यंत आवाज येतोय," लेक म्हणाली.

"मग काय करू?" मी म्हटलं. "हळू बोललेलं तुझ्या बाबांना ऐकू येत नाही."

तिने पर्स खाली ठेवली. स्टुलाला वळसा घालून आली, माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि फडकं हातात घेतलं.