गिअरबॉक्सचा ताप

माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं. त्याच तोंडाने मी माझा ट्रक जवळजवळ विकून टाकला होता.

झालं असं, की महिनाभरात ट्रक दोनदा रस्त्यात बंद पडला. दुसऱ्या वेळी तर दुसऱ्या गाडीला बांधून घरी आणावा लागला आणि आख्ख्या गल्लीने गॅलरीत उभं राहून ती वरात पाहिली. दारात सासूबाई. त्या शांतपणे म्हणाल्या, आता तिसऱ्यांदा बंद पडला की विकायचा, आणि तू डेपोत टेबलावर बसायचं, गेटपास लिहायला. मी दमलेली, भुकेली, गालावर ग्रीसचा पट्टा. तावातावाने म्हणून गेले, हो, विकेन, माझ्या हाताने विकेन! नवरा साक्षीला होताच. शिंपी माणूस, हातात टेप घेऊन उभा, त्याने फक्त मान हलवली. मग रात्रभर मी उशीला बुक्के मारत बसले. गेटपास म्हणे! मला एका जागी दोन तास बसवून दाखवा कुणीतरी.

ट्रक तसा नवाच. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, गिअरबॉक्सचं तापमानसुद्धा समोरच्या पडद्यावर दिसतं. पण हल्ली चढ लागला की गिअर बदलताना थडथड थरथरायचा, मग लाल दिवा, मग शुकशुकाट. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या उस्तादांना विचारलं, तर म्हणाले गिअरबॉक्सचं ऑइल बदल, कुठलंही लाल ऑइल चालतं, जेवढं निघेल तेवढं भर, हाय काय नि नाय काय. मागच्या वर्षी त्यांनीच असं अंदाजपंचे बदललं होतं. मी दुकानातून लाल ऑइलचे डबे आणले आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणात ट्रकखाली शिरणार, तेवढ्यात डोक्याशी पांढऱ्या चपला आल्या.

आमच्या सासूबाई छत्तीस वर्षं वॉर्डात नर्स होत्या. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते, आणि घरात चहाचे कपही चादरीसारखे कोपऱ्याला कोपरा लावून ठेवले जातात. त्यांनी डबा उचलला, चष्मा चढवला आणि विचारलं, ट्रकच्या पुस्तकात कुठलं लिहिलंय? मी म्हटलं, लाल. त्या म्हणाल्या, रक्तसुद्धा सगळ्यांचं लालच असतं, म्हणून कुणाचंही कुणाला चढवतात का?

पुस्तक आणलं. पुस्तकात ऑइलचा एक लांबलचक नंबर होता, डब्यावरचाही जवळजवळ तोच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. जवळजवळ हा शब्द मी उच्चारला मात्र! वॉर्डात जवळजवळ बरोबर औषध दिलं तर काय होतं, हे मला तपशीलवार ऐकवण्यात आलं. मी मुकाट्याने डबे परत करायला गेले. दुकानदार म्हणाला, अहो ताई, सगळे हेच नेतात. मी म्हटलं, सगळ्यांच्या घरी आमच्या सासूबाई नाहीत. बरोबर नंबरचे डबे मागच्या खोलीत धूळ खात पडले होते. घरी आल्यावर सासूबाईंनी नंबर वाचला, झाकण उघडताना पुन्हा वाचला, आणि भरून झाल्यावर तिसऱ्यांदा वाचू म्हणाल्या. माझ्या संतापाचं केव्हाच हसू झालं होतं. आवरता आवरेना.

मग अंगण सपाट आहे का ते बघायला त्यांनी परातीत पाणी घेऊन ती जमिनीवर ठेवली. पाणी एका कडेला झुकलं. पुढच्या चाकांखाली फळ्या घातल्या, ट्रक वर चढवला, चाकांना लाकडी ठोकळे लावले, तेव्हा कुठे मला खाली शिरायची परवानगी मिळाली. ऑइल काढलं. काळपट, जळकट वासाचं. मी ते टाकायला निघाले तर बाईंनी हात धरला. मोजायचं! रुग्णाच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशोब नसेल तर नर्स कशाला हवी? लिटरच्या मापाने मोजलं. निघालं नऊ लिटर. पुस्तक म्हणत होतं, बारा निघायला हवं.

उस्तादांनी मुळात तीन लिटर कमी भरलं होतं! आणि आज मी त्यांचं ऐकून पुन्हा नऊच भरणार होते, म्हणजे उद्या खुर्च्यांचा लोड घेऊन पहिल्याच चढावर माझा ट्रक गेला असता. चूक सापडल्याचा मला इतका आनंद झाला, की मी तेलकट हातांनी सासूबाईंना मिठी मारली. त्यांच्या पांढऱ्या साडीवर माझ्या दहाच्या दहा बोटांचे ठसे उमटले. त्यांनी फक्त पदर वळवून ठसे आत घेतले.

फिल्टर बदलला, बारा लिटर भरलं. पण खरी मजा पुढेच होती. पातळी बघायची तर इंजिन चालू हवं, आणि ऑइलचं तापमान चाळीस ते पन्नास अंशांच्या मधेच हवं. तेवढ्यात खालचा बोल्ट उघडायचा. धार बारीक आली तर बरोबर, जोरात आली तर जास्त, आलीच नाही तर कमी. आता पडदा वर आणि बोल्ट खाली. घरात दुसरं कुणी नाही, नवरा दुकानात. मग काय, सासूबाई चढल्या ड्रायव्हरच्या सीटवर. जन्मात कधी स्कूटरचं हँडल धरलं नव्हतं. ऑइल सगळीकडे पोचावं म्हणून मी खिडकीशी उभी राहून सांगत गेले तसा त्यांनी ब्रेकवर पाय दाबून गिअरचा दांडा एकेका खाचेत नेला, प्रत्येक ठिकाणी मोजून पाच सेकंद थांबल्या आणि न्यूट्रलला आणून हँडब्रेक ओढला. ब्रेकवरचा पाय मात्र काढेनात. जिला ट्रक विकायला हवा होता ती बाई ट्रकमध्ये, आणि मी ट्रकखाली! हसून हसून माझ्या हातून पाना दोनदा निसटला.

वरून आवाज येत होता, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मी पाना लावला, तर बोल्ट हलेना. पंचेचाळीस. मी बोल्टला नाही नाही ते बोलले. अठ्ठेचाळीस. मी पायाने जोर लावला. त्रेपन्न! ताप चढला, आता उतरू दे, असं म्हणून सासूबाईंनी इंजिन बंद केलं. दोन तास वाट पाहिली. पुन्हा इंजिन, पुन्हा तेच. या वेळी बेचाळीसला बोल्ट सुटला आणि भसकन धार आली, मग बारीक झाली, मग सुतासारखी. मी बोल्ट आवळला आणि खालूनच ओरडले. वरून हॉर्न वाजला. सासूबाईंनी वाजवला होता!

चाचणीला दोघी निघालो. पाण्याच्या टाकीकडचा चढ, जिथे तो दर वेळी थरथरायचा. गिअर पडला, कळलाही नाही. दुसरा पडला, लोण्यासारखा. सासूबाई म्हणाल्या, पुन्हा एकदा. आम्ही तो चढ चार वेळा चढलो. चौथ्यांदा तर त्या खिडकीतून डोकं बाहेर काढून हसत होत्या, केस सुटलेले, आणि मी या बाईला नऊ वर्षांत असं कधी पाहिलंच नव्हतं.

उतरून मोठ्या रस्त्याला लागलो आणि इंजिनाने दोन आचके दिले. तिसरा दिला आणि ट्रक रस्त्याच्या कडेला गप्प झाला.

डिझेलचा काटा तळाला टेकला होता. अंगणात दोनदा इंजिन चालवलेलं, वर चार चढ, आणि माझे डोळे सगळा वेळ तापमानावर. गिअरबॉक्स ठणठणीत होता, पण ठरलं ते ठरलं होतं, रस्त्यात बंद पडला की विकायचा, आणि माझ्याच तोंडाने ठरलं होतं. "आई, तिसऱ्यांदा," एवढंच म्हणाले आणि मला रडूच फुटलं. स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नवरा दुकान बंद करून घरी आला होता, अंगणात ट्रक नाही, घराला कुलूप. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता, कुठे आहात, बंद पडला की काय? सासूबाईंनी डिझेलचा काटा पाहिला, मग मला पाहिलं. छत्तीस वर्षांत या बाईने तापाच्या तक्त्यावर अर्धा अंश इकडचा तिकडे केला नव्हता.

"छे रे, बंद कुठला पडतोय," त्या म्हणाल्या. "आम्ही जरा थांबलोय. येताना एक डबा डिझेल आण."

फोन ठेवला, पदराची स्वच्छ बाजू शोधून माझं तोंड पुसलं आणि विचारलं, "उद्या कितीला निघायचंय तुला?"