शंभराच्या आधी वाजणारी घंटी

मित्रांनो, मी एक जुना काउंटर आहे. दुकानातला नव्हे, रक्त तपासणाऱ्या लॅबमधला. पाच बटणं आणि एक घंटी, एवढाच माझा संसार. लॅबताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात आणि दिसेल त्या पांढऱ्या पेशीचं बटण दाबतात. शंभर झाल्या की मी घंटी वाजवतो. तरुणपणी माझी घंटी कधी चुकली नाही. आता स्प्रिंग सैल झाली आहे, साठ-सत्तरलाच बोंब मारतो. मोठं यंत्र आल्यावर माझी रवानगी कपाटात झाली. त्याच्या आकड्यांची शंका आली, की मात्र सगळ्यांना मी आठवतो!

त्या दुपारी शिवणकाम करणारी एक बाई आली. छाती धडधडत होती, बोटं आखडली होती.

"दादा, मी मरते रे!"

भाऊ दारातच उभा होता. "ईसीजी चांगला आला ना? सहा महिने हेच नाटक. आज रक्तही नॉर्मल निघालं, तर डॉक्टर बंद!"

ताईंनी लगेच रक्त घेतलं. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून, ती शांत झाल्यावर तासाभराने पुन्हा घेतलं. मग यंत्राच्या आकड्यांची खात्री करायला मला बाहेर काढलं. काही सापडलं नाही, तर या बाईचे उपचार थांबणार होते.

पासष्टलाच माझी घंटी किंचाळली. बाई दचकली.

"बिघडलंय का हे?"

"घंटी लवकर वाजते हो. मोजणी खरी असते," असं म्हणून ताई मोजत राहिल्या.

पहिल्या रक्तात शंभरांपैकी सेहेचाळीस लिम्फोसाइट, म्हणजे शरीराच्या रक्षक पेशी. दुसऱ्यात एकतीस.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आकडे भावापुढे ठेवले. "एवढ्यावरून आजार ठरत नाही. पण शत्रू नसताना, नुसत्या भीतीच्या झटक्याने हिची फौज धावून आली आणि परत गेली, असं दिसतंय. सांगा, हे सोंग आणून जमेल?"

भावाने बहिणीची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवत विचारलं, "पुढच्या वेळी कधी आणू हिला?"

जाताना ती माझ्यापाशी थांबली. "ताई, याला कपाटात टाकू नका हं."

मित्रांनो, तेव्हापासून मी टेबलावर आहे. घंटी अजून लवकरच वाजते. तुमच्या घरात कुणाची अशी वाजली, तर चिडू नका. शंभर होईपर्यंत त्याच्याजवळ बसा.