देसांकाबाईंचा सर्व्हर

देसांकाबाईंच्या हिशेब कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर आला होता, शेजारचा वकील आला होता, आणि झाडून सगळे टेबलावरच्या काळ्या पेटीकडे टक लावून बघत होते. सर्बियातल्या निश शहराच्या ऐन उन्हाळ्यात रोज दुपारी मान टाकणारं इंटरनेट ही पेटी म्हणे जिवंत करणार होती.

"राउटर म्हणजे ओझ्याचं गाढव," पेटी विकायला आलेला मिलोराद इंजिनियर गरजला. "सर्व्हर म्हणजे मेंदू! आता सगळे बाहेर व्हा. गर्दीला सिग्नल बुजतो."

शिकलीसवरलेली माणसं मुकाट बाहेर गेली. परत येऊन बघतात तर नेट चालू! बाईंनी लगेच रकियाचे, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचे, पेले भरले. पाठोपाठ त्यांचे डोळेही भरले.

कचेरीतल्या तियानाने मात्र पेला तसाच खाली ठेवला. पेटी घ्यायची तर कचेरीतल्या पाचांपैकी एकाला घरी बसवणार, असं बाई सकाळीच म्हणाल्या होत्या. आणि सगळ्यांत नवी तीच होती.

"साहेब, पेटी बंद करून बघू?"

"खबरदार पोरी! कोप होईल!"

तियानाने सरळ प्लग उपटला. पेटी विझली. नेट आपलं चालूच.

"मग मघाशी ते परत आलं कसं?" डॉक्टर म्हणाला.

तेवढ्यात बाई कडाडल्या, "माझ्या आईचा रुमाल उलटा कुणी घातला?"

राउटरवर आईने विणलेला जाळीचा रुमाल असे, गुलाब वर करून. आता गुलाब खाली होता. तियानाने तो उचलून राउटरला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "तवा झालाय! वर रुमाल, त्यात वारा लागून मान धरेल म्हणून खिडक्या बंद. तापून बंद पडणार नाही तर काय? साहेबांनी आपल्याला हाकलून, रुमाल उचलून याचाच प्लग काढून लावला."

मिलोराद पेटी काखोटीला मारून जिना उतरला. रकिया मात्र संपवून गेला.

"म्हणजे सर्व्हर थोतांडच?" वकील म्हणाला.

"छे!" तियाना म्हणाली. "मोठ्या कचेरीचा सगळा कारभार एका जागी ठेवायचा तर तो हवाच. पाच टेबलांना नेट वाटायला राउटर पुरतो. पण काही अडलं, की हात जोडण्याआधी हात लावून बघावा."

बाईंनी रुमालाची घडी केली, गळ्याला मफलर गुंडाळला आणि स्वतः खिडकी उघडली.

"तियाना, उद्यापासून तुझं टेबल इथे, खिडकीपाशी. धरू दे तुझीच मान."